टाके सुईवर आहेत

मे महिन्यातल्या भर दुपारी, पंखा बंद करून, समोरच्या माणसाच्या अंगात लोकरीचा स्वेटर चढवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. ज्याच्या अंगात तो स्वेटर चढत होता तो माझा नवरा होता. घामाने त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि रेजिना टीचर तोंडातल्या टाचण्या सांभाळत त्याला दटावत होत्या, "हलू नका. आणि पोट आत घ्या. फादर सडपातळ आहेत."

"अहो, मग फादरनाच बोलवा ना!" मी म्हटलं.

"फादरना वेळ नसतो. तुमचे हे रिकामे असतात."

पंखा बंद, कारण पंख्याखाली लोकरीचे तंतू उडतात. माझा नवरा स्वभावाने भिडस्त. तो पोट आत घेऊन उभा राहिला आणि घरी आल्यावर दोन तांबे पाणी पिऊन मला म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीचं एकदाचं काहीतरी कर."

वसईत स्वेटर लागतो कुणाला? आमच्याकडची थंडी म्हणजे डिसेंबरातल्या दोन-चार पहाटा, आणि त्याही चहा पिऊन होईपर्यंत टिकतात. बाकी वर्षभर अंगाला ब्लाउजसुद्धा नकोसा होतो. अशा गावात ही बाई जन्मभर लोकर विणते. स्वेटर, मफलर, कानटोप्या, हातमोजे. ते घालून कोण कुठे जाणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पडला असता तर माझं आयुष्य बरंच सोपं झालं असतं.

रेजिना टीचर आणि मी एकाच शाळेत होतो. त्या मराठी आणि शिवण-विणकाम शिकवायच्या, मी भूगोल. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये मला उभं करून माझ्या खांद्यांचं माप घेतलं. नाव नंतर विचारलं. मी तळकोकणातून लग्न होऊन वसईत आलेली, कुणी ओळखीचं नाही, त्यामुळे माप घेणाऱ्या बाईशीच माझी मैत्री झाली. त्या मापाचा स्वेटर मात्र मला अजून मिळालेला नाही.

त्या राहतात सांडोरला, केळीच्या बागेतल्या जुन्या घरात. लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांची आई. पलीकडच्या घरात भाऊ आणि भावजय. टीचरचं मराठी इतकं शुद्ध की त्यांच्यासमोर बोलताना मला अजूनही घाम फुटतो. एकदा आमच्या यांनी निरोप दिला, "टीचर, तुमचं फोन आलं होतं." फोन कुणाचा होता हे राहिलंच बाजूला. "आला होता," टीचर म्हणाल्या. "फोन पुल्लिंगी आहे." एसटीच्या कंडक्टरला त्यांनी 'पुढे सरका'मधला 'ढ' नीट उच्चारायला लावला होता. आईशी बोलताना मात्र त्या त्यांच्या घरच्या बोलीत शिरायच्या, आणि त्या बोलीचा वेग असा की माझ्या हाती दहातला एखादा शब्द लागायचा.

आई आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. पडून पाय निकामी झाला होता, त्यानंतर त्या उठल्या नाहीत. दिवसा भावजय बघायची, शाळा सुटल्यावर टीचर. आईंची नजर अधू झाली होती, पण कान विलक्षण तिखट. माझी चप्पल अंगणात वाजली की आतून आवाज यायचा, "भूगोल आली काय गो?" त्यांना माझं नाव कधी लक्षात राहिलं नाही, विषय राहिला.

आता माझं दुःख सांगते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी फळ्यावर हिमालय काढला. पांढऱ्या खडूने शिखरं, निळ्या खडूने नद्या. मुलांना हिमरेषा समजावून सांगितली, हिमनद्या समजावून सांगितल्या. आणि मी स्वतःच्या पायांनी चढलेला सगळ्यात उंच डोंगर कोणता, तर तुंगारेश्वर! यांच्याबरोबर कुठे जायची सोय नाही. यांना घाट लागतो. तुंगारेश्वरच्या चढालासुद्धा यांच्या हातात लिंबू असतं. तेव्हा मला बरोबर कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे रेजिना टीचरच, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं.

पहिला बेत महाबळेश्वरचा. म्हटलं, हिमालयाआधी जरा सराव. टीचरना विचारलं.

"कधी निघायचं?" त्यांनी उत्साहाने विचारलं. मग क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही गं सुलभा. माझे टाके सुईवर आहेत."

"मग?"

"टाके सुईवर असताना घर सोडायचं नाही. आधी हातातलं संपवायचं."

मला वाटलं, मोठं काही असेल. पाहिलं तर मफलर! चार बोटं विणलेला! मी महाबळेश्वरला शाळेतल्या दुसऱ्या बायकांबरोबर गेले आणि स्ट्रॉबेरी खाताना चिडचिड करत परत आले.

नंतर उटी. तेव्हा सुईवर भाचीच्या होणाऱ्या बाळाचा सेट होता. नंतर दार्जिलिंग. तेव्हा फादरचा बिनबाह्यांचा स्वेटर. मी चिडून म्हटलं, "टीचर, मी विषय काढला की आठवड्याभरात तुमच्या सुईवर नवीन कुणीतरी चढतं. जुनं तरी संपवा!"

"उसवावं लागलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चूक झाली होती."

उसवणं हा त्यांचा दुसरा छंद. वीतभर विणून झालं की त्या उजेडात धरून बघायच्या. खाली कुठेतरी एक टाका सुलटऐवजी उलट पडलेला सापडायचा. तो मला दिसायचा नाही, घालणाऱ्याला दिसला नसता, देवालाही दिसला नसता. पण टीचर सर्रकन सगळं उसवायच्या. "मुलांच्या वहीत मी चूक ठेवली नाही," म्हणायच्या, "मग अंगावर कशी ठेवू?"

एकदा मी सरळच विचारलं. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. म्हटलं, "टीचर, आईंमुळे जमत नाही का तुम्हाला? तसं असेल तर तसं सांगा, मी समजू शकते."

"छे छे!" टीचर अशा काही मोठ्याने म्हणाल्या की अंगणातला कुत्रा उठून उभा राहिला. "आईचं काय मध्येच? आईला बघायला भावजय आहे! मलाच कंटाळा आहे प्रवासाचा! आणि माझे टाके सुईवर आहेत!"

मी दोन्ही हात जोडले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय, दुसरं काय!

दोघी निवृत्त झालो. माझे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, चढउतार जपून. मला रात्री स्वप्नात त्रिशूल शिखर दिसायचं आणि त्याच्यासमोर रेजिना टीचर लोकर गुंडाळत बसलेल्या असायच्या.

मग टीचरची आई गेली. झोपेतच. मी पंधरा दिवस रोज सांडोरला जात होते. टीचर रडल्या नाहीत, विणलंही नाही. नुसत्या आतल्या खोलीत जाऊन चादर सरळ करून यायच्या. सहलीचा विषय मी वर्षभर काढला नाही. मी चिडकी आहे, पण तेवढी नाही.

आईंना वर्ष झालं, त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाली, आणि त्यानंतर एकदा चहा घेताना मी हळूच म्हटलं, "टीचर, कौसानी म्हणून एक ठिकाण आहे. तिथून हिमालयाची अख्खी रांग दिसते. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते."

"जाऊ या," टीचर म्हणाल्या.

माझ्या बशीत चहा सांडला.

"जाऊ या. पण पेटीतलं संपवून."

"कुठल्या पेटीतलं?"

त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि झाकण उघडलं. आत डांबरगोळ्यांच्या वासात आमच्या सगळ्या न झालेल्या सहली पडून होत्या. महाबळेश्वरचा मफलर. उटीचा बाळसेट, टोपरं पूर्ण, मोजा एकच. ते बाळ आता दहावीत आहे. दार्जिलिंगच्या वेळचा फादरचा स्वेटर. मधल्या काळात फादरच्या किती बदल्या झाल्या ते चर्चलाच माहीत. आणि एक तपकिरी, भला मोठा, पाठ आणि एक बाही असलेला ऐवज, जो आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना कबूल केलेला होता. प्रत्येकात सुया तशाच खोचलेल्या.

"हे सगळं?" माझा आवाज चिरकला.

"सगळं. माणसांना शब्द दिलाय."

"टीचर, माणसं विसरलीसुद्धा असतील!"

"मी नाही विसरले."

तेव्हापासून दिवाळीपर्यंत माझे जे हाल झाले ते कुणाचे होऊ नयेत. मापांसाठी माझा नवरा कामी आला, ते सुरुवातीला सांगितलंच. मला मफलर उलगडून लोकरीची लड दोन्ही हातांवर धरून बसावं लागे. नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. मी वेळ वाचवण्यासाठी तपकिरी स्वेटरची दुसरी बाही विणायला मागितली. "एक सुई सुलट, एक सुई उलट," टीचर म्हणाल्या. "यात तू काय चुकणार?" आठवडाभर मान मोडून मी ती बाही कोपरापर्यंत आणली आणि अभिमानाने त्यांच्या ताब्यात दिली. दोन दिवसांनी गेले तर बाही तेवढीच, पण कशी रेशमासारखी!

"टीचर, तुम्ही माझी बाही उसवलीत?"

"तुझा हात ताठ आहे गं," त्या मायेने म्हणाल्या. "तू नकाशे काढ."

तो तपकिरी स्वेटर द्यायला आम्ही आगाशीला गेलो. सर बनियनवर दारात आले. टीचरनी पिशवीतून स्वेटर काढून पुढे धरला.

"हा काय?" सर म्हणाले.

"तुमचा स्वेटर."

"मी कधी सांगितला होता?"

"तुम्ही नव्हता सांगितला. मी म्हटलं होतं, विणते म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बागेकडे पाहिलं. "मला उष्णतेचा त्रास आहे हो, टीचर," ते केविलवाणे म्हणाले.

"थंडीत घाला. आधी एकदा घालून दाखवा, खांदा बघते."

शाळेत सगळेच टीचरना दबून असायचे, ती सवय सरांची गेली नव्हती. त्यांनी तिथेच ओटीवर तो स्वेटर घातला. खांदा अचूक बसला. पोटाशी मात्र गेल्या काही वर्षांत बरीच भर पडलेली होती. टीचर वाकून, ओढून बघत होत्या आणि सर टॉवेलने कपाळ पुसत होते. आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू येत होतं. परतीच्या बसमध्ये टीचर समाधानाने म्हणाल्या, "एक उतरला." मला वाटलं स्वेटर सुईवरून उतरला म्हणतायत. पण त्यांनी छातीवर हात ठेवला होता.

बाळाचा दुसरा मोजाही झाला. दहावीतल्या त्या उंचेल्या मुलाने दोन्ही मोजे घेतले, थँक्यू म्हणाला आणि दप्तराला लटकवले. मफलर भाच्याला गेला. राहिला फादरचा स्वेटर. यात्रा कंपनीची तिकिटं आली, माझी बॅग भरून झाली, गरम मोजे आणले, गुडघ्याचे पट्टे आणले. निघायला आठवडा उरला असेल, मी सांडोरला गेले. म्हटलं, आज टाके बंद होणार, पेढे घेऊन जाऊ.

टीचर खिडकीपाशी उभ्या होत्या. स्वेटर उजेडात धरलेला. त्यांचा तो चेहरा मी ओळखते.

"नाही," मी म्हणाले. "टीचर, नाही."

"काखेत बघ," त्या म्हणाल्या. "एक टाका निसटलाय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी धागा ओढला. सर्र, सर्र. ओळीमागून ओळ. फादरची अर्धी छाती बघता बघता जमिनीवर पडली.

माझा तोल सुटला. हातातला पेढ्यांचा पुडा मी टेबलावर आपटला. "टीचर, पुरे झालं! तुम्हाला यायचंच नाहीये! कधीच यायचं नव्हतं! ही लोकर, हे टाके, हा सगळा निव्वळ बहाणा आहे. इतकी वर्षं बहाणा! सरळ सांगायचं होतं तोंडावर, तुझ्याबरोबर येत नाही म्हणून. मी दुसरी कुणी बघितली असती!"

ओढणारा हात थांबला. मला वाटलं आता त्या माझं काहीतरी चुकलेलं व्याकरण काढतील. काढलं नाही. खुर्चीवर बसल्या, गुडघ्यावरची लोकर गोळा केली आणि सावकाश गुंडाळायला लागल्या.

"बहाणाच आहे," म्हणाल्या. "म्हणून तर संपवतेय."

याचा अर्थ मला लागला नाही. लावायच्या मनःस्थितीतही नव्हते. घरी येऊन यांना सांगून टाकलं, "त्या येत नाहीत. तुम्ही लिंबं घ्या आणि चला." यांचा चेहरा पांढरा पडला.

पण निघायच्या दिवशी वसई रोडच्या फलाटावर टीचर आमच्या आधी येऊन उभ्या होत्या. एक बॅग, पाण्याची बाटली, अंगावर भावजयीचं रेडीमेड जाकीट. "फादरचा स्वेटर पुरा करून भावजयीकडे दिलाय," म्हणाल्या. "रविवारी पोचवेल." यांनी माझी बॅग चढवली आणि माझ्यापेक्षा जास्त आनंदाने हात हलवला.

गाडीत टीचरना हातांचं काय करावं ते कळेना. मांडीवर ठेवले, पदरात ठेवले. बोटं आपली आपण हलत होती. मग त्यांनी रेल्वेची चादर चारदा घडी केली आणि यात्रा कंपनीच्या व्यवस्थापकाला 'शुभेच्छा'तला 'च्छ' समजावून सांगितला. काठगोदामपासून पुढच्या घाटात मी डोळे मिटून बसले आणि टीचर खिडकीला नाक लावून बसल्या. प्रत्येक वळणावर माझा दंड दाबत होत्या, "बघ ना! अगं बघ ना!" प्रवासाचा कंटाळा असलेली बाई ही!

कौसानीला पोचलो तेव्हा ढग होते. मी वैतागून झोपले. सकाळी टीचरनी मला गदागदा हलवलं. बाहेर गच्चीवर गेलो.

समोर सगळं उघडं पडलं होतं. टोकापासून टोकापर्यंत. आधी राखाडी, मग एका शिखरावर गुलाबी ठिपका, मग दुसऱ्यावर. मी फळ्यावर काढायचे तसं ते मुळीच नव्हतं. माझ्या तोंडून शाळा सुरू झाली, थांबवता येईना. "ते त्रिशूल, टीचर! तीन टोकं दिसतायत? ती मागे नंदादेवी! आणि तो, तो नंदाकोट..." बाकीची मंडळी शाली गुंडाळून फोटो काढत होती. मी वळून पाहिलं तर टीचर कठड्याला धरून उभ्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आईंच्या वेळी नाही रडल्या, आणि इथे.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"आईला ऐकू जायचं गं," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"तू विचारायला यायचीस. आई आत. तिचे कान तुला माहितीयत. तिच्यामुळे मला जाता येत नाही, असं एकदा जरी माझ्या तोंडून गेलं असतं, तर ती जेवणं सोडून बसली असती. भावजय दिवसा बघायची, पण रात्री कूस बदलायला तिला मीच लागायचे. दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायची नाही. मग काय सांगायचं? सांगितलं, टाके आहेत सुईवर."

"पण टाके तर खरंच असायचे!"

"मग नकोत का असायला?" टीचर नाक पुसत म्हणाल्या. "कुमसाराला, पापं कबूल करायला गेल्यावर, फादरना तेच एक खोटं किती वेळा सांगणार? तू गेलीस की मी कुणाला तरी शब्द द्यायची आणि खरोखरच टाके घालायची. म्हणजे खोटं नाही झालं. पण लवकर संपवूनही चालायचं नाही. तू परत यायचीस ना!"

एवढ्या वर्षांत मी ज्यांच्यावर चिडत होते ते सगळे मफलर आणि मोजे माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

"मला सांगायचंत तरी," मी म्हटलं. "हळू आवाजात. शाळेत. कुठेही."

"तुला सांगितलं असतं तर तू विचारायला आली नसतीस," त्या म्हणाल्या. "आणि तू विचारायला आलीस की मला बरं वाटायचं."

गुलाबी रंग आता सोनेरी होत खाली उतरायला लागला होता.

"आईंना कळलं असेल?" मी विचारलं.

"कळत असणार. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. एकदा तेवढं म्हणाली होती, तुला फिरायची आवड नाही ते एक बरंय. मी म्हटलं, हो गं, मला मेली कुठली आवड." टीचरनी समोरच्या रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "सुलभा, मला फार आवडतं गं."

खालून व्यवस्थापकाची हाक आली. गरम पुऱ्या तयार आहेत, मंडळींनी लगेच यावं. लोक भराभर जिन्याकडे निघाले. माझे गुडघे थंडीने आखडले होते आणि चहाची तलफ आली होती. मी टीचरच्या कोपराला हात लावला. "चला."

"तू जा," टीचर म्हणाल्या. "मी अजून थोडं बघते."

मी गेले नाही. एक खुर्ची त्यांच्यासाठी ओढली, एक माझ्यासाठी.